वायव्य विभाग : कमी

मार्लिस टॉस्टरुड आमच्या आरोग्य खात्यात येण्याआधी तीस वर्षं परिचारिका होती. फ्लूचा हंगाम ऑक्टोबरात सुरू झाला की मे महिन्यापर्यंत ती मंगळवार ते गुरुवार फोनवर असायची. राज्यातले अठ्ठावीस दवाखाने तिला आठवड्याचे आकडे कळवत: किती रुग्ण आले, त्यातल्या किती जणांना ताप आणि खोकला होता. कुणावर सक्ती नव्हती. तिच्या शब्दाखातर लोक मोजत. कुठल्या दवाखान्यातल्या बाईचा गुडघा दुखतो आणि कुणाला नातू झाला, हे सगळं तिला पाठ असे.

तिचे आकडे घेऊन नकाशा काढायचा, हे माझं काम. राज्याचे सहा विभाग. हिरवा म्हणजे फ्लू कमी, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जास्त. शुक्रवारी बारा वाजता नकाशा जाहीर व्हायचा आणि रेडिओवाले दुपारच्या बातम्यांत तो वाचून दाखवायचे.

त्या जानेवारीत वायव्येला दोन दिवस हिमवादळ होतं. तिकडच्या तीनपैकी दोन दवाखान्यांचे आकडे आले नाहीत. एकाची फोनची लाइनच बंद होती. दुसरीकडची बाई मार्लिसला म्हणाली, बसायला जागा नाही, लोक भिंतीला टेकून उभे आहेत, मोजायचं कुणी?

शुक्रवारी सकाळी मार्लिस माझ्या टेबलापाशी आली.

"ऑरिन, वायव्य विभाग आज रंगवू नकोस. रकाना कोरा आहे. कोरा म्हणजे शून्य नव्हे."

मी आमचे प्रमुख डॉ. प्रेंटिस यांना विचारलं. ते म्हणाले, नकाशा बाराला जायलाच हवा, पुढच्या आठवड्यात दुरुस्ती करू. त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. असं आम्ही कितीदा तरी केलं होतं. माझ्या संगणकात कोरा रकाना शून्य धरून बेरीज व्हायची, हे मला ठाऊक होतं. तो विभाग राखाडी करून 'माहिती नाही' असं लिहायला प्रेंटिसनीही हरकत घेतली नसती. मी त्यांना ते सुचवलंच नाही. नकाशा चढवला आणि जेवायला गेलो. वायव्य विभाग, कमी.

पुढच्या आठवड्यात राहिलेले आकडे आले. मागच्या आठवड्याचा हिरवा रंग पुसून तिथे लाल आला. पण सरलेल्या आठवड्याचा नकाशा कोण बघतं? त्याच दिवशी शहरातल्या रुग्णालयाकडून मृत्यूचा फॉर्म आला: मुलगी, वय सहा, वायव्य विभाग, फ्लू, न्यूमोनिया. आमच्या जाहीर होणाऱ्या साप्ताहिक अहवालात त्याची एकच ओळ होते. बालमृत्यू, एक. नाव, गाव काही सांगायचं नाही असा नियम आहे.

सोमवारी फोन वाजला. मार्लिसने उचलला. पलीकडे तेरेसा फोल्डन नावाची बाई होती. तिने विचारलं, त्या ओळीतली एक म्हणजे आमची ब्रिन का? मार्लिस नियम मोडून हो म्हणाली. तेरेसाने आणखी एक विचारलं: त्या शुक्रवारी रेडिओवर आमच्याकडे फ्लू कमी आहे असं सांगितलं, ते खरं होतं का? मार्लिस म्हणाली, फोनवर नको, मी येते.

प्रेंटिसना कळल्यावर त्यांनी आधी वकिलांना विचारू म्हणून बजावलं. मार्लिसने बुधवारची रजा टाकली. मी गाडीची किल्ली घेऊन तिच्यामागे निघालो.

"तू कशाला?" तिने विचारलं.

"नकाशा माझा होता."

तीन तासांची वाट होती.

घर गावाबाहेर होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या जेवणाची झाकलेली भांडी तशीच पडली होती. तेरेसा आमच्यासमोर बसली. तिचा नवरा कर्ट अंगातला कोट न काढता दारापाशी उभा राहिला.

तेरेसाने सगळं क्रमानं सांगितलं. गुरुवारी ताप आला. शुक्रवारी एकशे तीनवर गेला. सत्तर मैलांवरच्या शहरात नेऊ या, असं कर्ट म्हणत होता. रस्त्यावर बर्फाची काच झाली होती. तेवढ्यात तिने रेडिओ ऐकला. फ्लू नाहीये तर साधं पडसं असेल, रविवारपर्यंत वाट बघू, असं तीच म्हणाली. रविवारी पहाटे पोरीचे ओठ निळे पडले. वाऱ्यामुळे रुग्णालयाचं हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. रुग्णवाहिका पोचायला दोन तास लागले.

"मी म्हणालो होतो," कर्ट म्हणाला. हे त्या घरात किती वेळा बोलून झालं असेल, ते तेरेसाच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं.

मार्लिसने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. दोन दवाखान्यांचे आकडे आलेच नव्हते. संगणकाने त्यांना शून्य धरलं. ते चूक आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी 'कमी' लिहिलं. खरं तर त्या आठवड्यात तुमच्या भागात फ्लू राज्यात सगळ्यात जास्त होता.

"नीट करायला किती वेळ लागला असता?" कर्टने विचारलं.

"पाच मिनिटं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मारेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मारावं असंही वाटलं. पण तो दार उघडून बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता. आपल्या ट्रकच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून, बर्फात, टोपीशिवाय.

"म्हणजे मी अगदीच मूर्ख नव्हते," तेरेसा हळू आवाजात म्हणाली. आणि पुढे, "पण मी तिच्या उशाशी होते. रेडिओ नव्हता उशाशी."

तिने मार्लिसला विचारलं, शुक्रवारी नेली असती तर वाचली असती का?

"मला माहीत नाही, बाळ," मार्लिस म्हणाली. "आणि कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं, तर त्याचं ऐकू नकोस."

तेरेसाने आम्हाला दारापर्यंत पोचवलं नाही. क्षमा मी मागितली होती. तिने ती दिली नाही, नाकारलीही नाही.

नियम मोडल्याबद्दल मार्लिसला जूनमध्ये निवृत्त व्हायला सांगितलं. माझ्या सेवानोंदीत एक ताकीद आली. प्रेंटिसनी मात्र एक केलं: आकडे आले नाहीत तर विभाग राखाडीच ठेवायचा, असा नियम काढला. नकाशा अर्धवट दिसतो म्हणून वरून तक्रारी आल्या, तरी तो त्यांनी मागे घेतला नाही. मार्लिसच्या जागी कुणी नेमलं गेलं नाही, म्हणून आता फोनही मीच करतो. तिच्याइतकं लोक माझ्याशी बोलत नाहीत. त्या उन्हाळ्यात कर्ट आणि तेरेसा वेगळे झाले, हे मला तिकडच्या दवाखान्यातल्या बाईने असंच बोलता बोलता सांगितलं. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर त्यांचं एकमेकांवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात वायव्येचे तिन्ही आकडे दर आठवड्याला आले. नाताळाआधीच मी तो विभाग लाल केला, रेडिओवर तीनदा सांगितलं गेलं, शाळांना पत्रं गेली. त्या हंगामात राज्यात चार मुलं गेली. त्यातली दोन तिथली होती.