थॉमस सरांची सकाळची पानं

बोलतोय तो मी, कोल्हारच्या थॉमस सरांचा कॉम्प्युटर. सध्या ओसरीत गोणपाटावर बसलोय. दुपारी भंगारवाला कल्याण टेम्पो घेऊन येणार आहे. त्याच्या आधी काय ते बोलून घेतो. या घरात माझं ऐकायची पद्धत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

१९९९ च्या जूनमध्ये नगरच्या एका दुकानात माझे भाग जुळवले. पेटी एकाची, पडदा दुसऱ्याचा, कीबोर्ड तिसऱ्याचा. सर हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे आणि त्यांची बायको स्टेलाबाई प्राथमिक शाळेत होत्या. त्यांची मुलगी दीना बारावीला गेली होती, तिच्यासाठी मला घेतलं. धाकटा अँड्र्यू तेव्हा चौथीत होता. तो फक्त पत्ते खेळायला यायचा आणि हरला की माझा माऊस आपटायचा.

स्टेलाबाईंनी माझ्यासाठी हौसेने क्रोशाचं आवरण विणलं आणि मी चालू असतानाच अंगावर घातलं. मे महिन्यात स्वेटर घातल्यासारखं झालं मला. "आई, झाकू नको गं, तापतो तो," असं म्हणून दीनानेच ते काढलं. या घरात माझी काळजी करणारं पहिलं माणूस तीच.

मग मला फोनची वायर जोडली. सहाच्या आत लाईन बरी लागते म्हणून सर पाचला उठायचे. मोडेम किंचाळायचा आणि सगळी आळी जागी व्हायची. शेजारच्या छबूबाईंकडे फोन नव्हता; त्यांनी सरांचाच नंबर पीपी नंबर म्हणून सगळ्या सोयऱ्यांना देऊन ठेवला होता. मी इंटरनेटवर असलो की तो कायम एंगेज.

"सर, ते केकाटनं बंद करा की. नाशकाहून माझ्या लेकीचा फोन येनार हाय."

"पाच मिनिटं, छबूबाई. एक पत्र उतरतंय."

"पाच मिन्टात तर पोस्टमन येऊन चहा पिऊन जातो."

बाई खोटं बोलत नव्हत्या.

सरांना शिकवल्याशिवाय चैन पडायचं नाही. रविवारची उपासना आटोपली की नवा कॉम्प्युटर घेतलेली चार माणसं आमच्याकडे यायची. सर त्यांना सांगायचे, दोन ओळी लिहिल्या की सेव्ह करा. वीज कडाडली की आधी फोनची वायर उपटा. फ्लॉपी रेडिओच्या स्पीकरवर ठेवू नका, त्यात लोहचुंबक असतं. माहिती एकाच जागी ठेवू नका. मी सुरू होत नसेन तर आधी भिंतीवरचं बटण बघा, मग स्टॅबिलायझरचं, आणि मग मला शिव्या द्या. हे सगळं त्यांनी एका कागदावर सुवाच्य लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं. माणसं माना डोलवायची, चहा प्यायची आणि घरी जाऊन आपापलं यंत्र सरळ भिंतीवरच्या बटणाने बंद करायची. पालथ्या घड्यावर पाणी.

२००१ च्या पावसाळ्यात दीनाला कावीळ झाली. तिने ती अंगावर काढली. पंधरा दिवसांत सगळं संपलं.

सर दफनभूमीत रडले नाहीत. घरीही रडले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी तिचं नाव तोंडातून काढलं नाही. स्टेलाबाईंनी नाव घेतलं की ते चपला घालून बाहेर जायचे. आणि आठव्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. फोनची वायर काढलेलीच होती.

स्टेलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "पोरगी मातीत गेली आणि तुम्हाला हा डबा सुचतो?"

सर टाइप करत राहिले. त्यांनी उत्तर द्यायला हवं होतं. मी सरांची बाजू घेत नाही; बायकोशी बोलायचं ते यंत्राशी बोलणारा माणूस कितीही चांगला असला तरी चुकलाच.

ते काय लिहीत होते, ते फक्त मला ठाऊक होतं. रोज एक पान. दीनाला. "दीना, आईने काल तुझी सायकल शाळेतल्या एका मुलीला दिली. मी बघितलं नाही असं दाखवलं." "दीना, आज तू चोवीस वर्षांची. आईने सांजा केला होता. मी भूक नाही म्हणालो. घास उतरला नसता." अशी तेवीस वर्षं. मध्ये माझा पंखा बदलला, पॉवर सप्लाय दोनदा बदलला, सीडी रायटर बसवला. अँड्र्यू पुण्याला नोकरीला लागला, त्याने नवा कॉम्प्युटर देऊ केला. सर म्हणाले, "नव्यात माझी अक्षरं नाहीत." पोरगा हसला.

तेवीस वर्षं स्टेलाबाई मला सवत समजत आल्या. माझ्यावर धूळ बसली तरी त्यांनी पुसली नाही. मी त्यांना दोष देत नाही.

गेल्या वर्षी सरांचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर त्यांनी कपाटातली सीडी बोटाने दाखवली. दर नाताळला सगळी पानं ते नव्या सीडीवर उतरवत. ती स्टेलाबाईंच्या हातात देऊन मोठ्या कष्टाने एकच शब्द बोलले, "वाच." आठ दिवसांनी गेले.

अँड्र्यूने ती सीडी स्टँडवरच्या बन्सीच्या मोबाईलच्या दुकानातून पेनड्राईव्हवर उतरवून आणली. बन्सीही बरोबर आला. लॅपटॉप उघडला. आत दीनाचं काही असेल म्हणून स्टेलाबाई चष्मा पुसून शेजारी बसल्या.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या आणि टिंबं, मध्येच आकडे. पानामागून पान तसंच.

आमच्या काळात मराठी लिहायला वेगळा फॉण्ट घालावा लागे. तो फॉण्ट माझ्या पोटात आहे. नुसती फाईल दुसरीकडे नेली तर अक्षरांचा असाच काला होतो. फाईल नेताना फॉण्टही न्या, हे सरांनी त्या कागदावर लाल शाईने लिहिलं होतं. तो कागद त्याआधीच्या नाताळच्या रंगकामात खरवडला गेला.

"करप्ट झालंय दादा," बन्सी म्हणाला. "असल्या फायली लई येत्यात माझ्याकडं. काय न्हाई व्हायचं त्यांचं."

"ह्याच्यावर लावून बघ ना," स्टेलाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या बाजूने बोलल्या.

अँड्र्यू उठला. भिंतीवरचं बटण लावलं आणि माझं दाबलं. एकदा, दोनदा. माझ्यापर्यंत वीज आलीच नाही. कपाटामागच्या स्टॅबिलायझरचं बटण बंद होतं. सर रोज ते बंद करूनच उठायचे. वीतभर हात मागे घातला असता तर मी उठलो असतो. दीनाची सायकल, तो सांजा, सगळं वाचून दाखवलं असतं.

"हा पण गेला," अँड्र्यू म्हणाला. "आई, पप्पांना शेवटी कळत नव्हतं गं. काहीही बटणं दाबत बसायचे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

पोरगा इंजिनिअर आहे. मी दुसरं काही म्हणत नाही.

स्टेलाबाईंनी चष्मा घडी करून ठेवला. "म्हणजे तिचं नाव या घरात मी एकटीनेच घेतलं," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या पानावर दीनाचं नाव नाही. ते पान त्यांना आहे. "स्टेला, तू तिचं नाव घेतलंस की मला ऐकवत नव्हतं, म्हणून मी बाहेर जायचो. नदीपर्यंत जाऊन रडून यायचो. तुला वाटलं मी विसरलो. हे सगळं वाच आणि जमलं तर मला माफ कर."

तुमच्याही घरात असं एखादं जुनं धूड असेल. ते मेलं असं म्हणण्याआधी एखाद्या जाणत्या माणसाला विचारा. नुसतं पोराला विचारून भागत नाही.

टेम्पो आला. कल्याणने मला उचलून पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. चांगला माणूस आहे, विचारून घेतो.

"बाई, ह्यात सरांचं काय ऱ्हायलंय का? एकदा हातोडा पडला का मग काय हाती लागायचं न्हाई."

स्टेलाबाई दारातच उभ्या होत्या.

"ने तू," त्या म्हणाल्या. "त्यात काही नव्हतंच."