मुठीचा साबण

मनकर्णाबाईंनी नातवाला न्हाऊ घालणं सोडलं आणि कारण सांगितलं गुडघ्यांचं.

"आता माह्याच्यानं बसनं होत नाही वं. तूच घाल त्याले पाणी."

सून तानुबाईला खरं ठाऊक होतं. सासूचे गुडघे खणखणीत होते. त्याच गुडघ्यांनी म्हातारी रोज दोनदा शेजारच्या सरवरीच्या घरी जाऊन यायची. खोट होती ती उजव्या हातात. दोन वर्षांपासून बोटं आखडत चालली होती, मूठ पुरती मिटत नव्हती. गेल्या सोमवारी न्हाणीत तिच्या हातून साबणाची वडी सटकली, ती धरायला गेली तर पायांवर पालथं घातलेलं पोर घसरलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. उलट ओल्या फरशीवर पडल्या पडल्या ते हसलं. म्हातारीच्या तोंडावरचा रंग मात्र उतरला, तो उतरलाच.

डोणगावात त्या आळीतली निम्मी लेकरं मनकर्णाबाईंच्या पायांवर न्हालेली. तानुबाईला आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपणही सासूनंच काढलं होतं. शेकशेगडी, तेल, पाणी, सगळं. आणि नातू झाल्यावर तर न्हाणी म्हणजे दरबारच. पोराचं नाव आजोबांचं ठेवलं होतं, गुलाबराव. आता नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? म्हणून म्हातारी सात महिन्यांच्या पोराला मान देऊन बोलायची. "अहो पाटील, मान वर करा. अहो, पाय कायले झाडून राह्यले?" पाटील खिदळायचे. आता तानुबाई न्हाऊ घाले तेव्हा पाटील रडत आणि मान वळवून दाराकडे बघत. म्हातारी तेवढ्या वेळात मुद्दाम गोठ्यात जाऊन बसायची.

"आत्याबाई, डाळीच्या पिठानं घाला मंग," तानुबाईनं एकदा म्हणून पाहिलं.

"पिठाचं अन् गुडघ्याचं काय वं?" म्हातारीनं एका घावात तोंड बंद केलं.

मग तानुबाईनं साबणाचंच मनावर घेतलं. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ब्लॉकाच्या कचेरीतून ग्रामसेविका बाई यायच्या आणि मारुतीच्या पारावर बायांना घरचा साबण शिकवायच्या. तेल, कॉस्टिक सोड्याचं पाणी, मातीच्या भांड्यात लाकडाच्या दांड्यानं एकाच बाजूनं घोटणं. "ॲल्युमिनियमचं भांडं घ्यायचं नाही, लेकरू जवळ ठेवायचं नाही, आणि महिनाभर वाळल्याशिवाय अंगाला लावायचा नाही," हे त्या दर वेळी तीनदा सांगायच्या. बाकीच्या बाया वाटीत साबण ओतायच्या. वाटीतला साबण गोल निघायचा. गोल म्हणजे पुन्हा निसटणारा. तानुबाईला हवा होता सासूच्या अर्धवट मिटणाऱ्या मुठीत आपणहून बसणारा.

तिनं आधी चिखलाचा साचा केला. आखडलेली बोटं आठवून आठवून आत खाचा कोरल्या, साचा उन्हात वाळवला, साबण ओतला. साच्यानं साबणाला अशी मिठी मारली की सोडेचना. शेवटी खलबत्त्याच्या दांड्यानं फोडला, तर हातात आली साबणमाती.

सरवरी अंगणाच्या कडेला उभी राहून हे बघत होती. शेजारीण, म्हातारीची जुनी मैत्रीण. तिचा मुलगा अन्वर बसथांब्यापाशी सायकलींची पंक्चरं काढायचा.

"काऊन वं, साबन करून राह्यली का घर लिपून राह्यली?"

तानुबाईनं हात धुतले आणि सगळं सांगून टाकलं. पोर घसरल्याचं, गुडघ्यांच्या बहाण्याचं.

सरवरीनं फुटक्या साच्याचा तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाली, "कडक साचा कायले करते? सोडताना वाकन असा कर ना. अन् तिचा हात तू कायले आठवत बसते? तिचा हात तिच्यापाशी हाय ना!"

दुसऱ्या दिवशी तिनं अन्वरच्या दुकानातून जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा आणला. तानुबाईनं तो आतून-बाहेरून धुतला, एक तोंड सुतळीनं करकचून बांधलं. लेकरू सरवरीच्या सुनेकडे धाडलं. साबण श्रीखंडासारखा घट्ट होईपर्यंत घोटला, ट्यूबमध्ये भरला, दुसरं तोंडही बांधलं. दुपारपर्यंत तो आतल्या आत लोण्याच्या गोळ्यासारखा झाला. तिनं वरून फडकं गुंडाळलं आणि ओसरीवर आली. तिथं दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"आत्याबाई, हे जरा धरता का? गाठ सुटून राह्यली. मले पोराले आनायचं हाय. उजव्या हातानं दाबून धरा, सैल सोडू नका."

"काय हाय वं हे?"

"साबन हाय."

"साबन कोनी धरून बसते का? बाप्पा!" म्हणाली, पण धरलं.

सरवरीनं लगेच उंद्री गावच्या लग्नाचा विषय काढला. नवरदेवाचा घोडा उधळून ज्वारीच्या वावरात शिरला, नवरदेव वर, करवली खाली, आणि सगळं वऱ्हाड मागे. घोडा जसजसा पळत होता तसतशी मनकर्णाबाई हसून हसून मूठ आवळत होती. जेवढी आवळता येत होती तेवढी. अर्धा तास घोडा काही थांबला नाही.

दोन दिवसांनी तानुबाईनं ट्यूब विळ्यानं चिरली. रबर केळीच्या सालीसारखं अलगद निघून आलं. आत चार बोटांच्या चार खाचा होत्या, करंगळीची जरा वाकडी, आणि एका बाजूला अंगठ्याचा खळगा. तिनं त्यात आपली बोटं ठेवून पाहिली. बसली नाहीत. तिला फार बरं वाटलं.

महिनाभर साबण फळीवर वाळला. तेराव्या दिवशी म्हातारीनं विचारलंच, "हे रताळं कायले सुकत घातलं?"

महिना झाल्यावर तानुबाईनं आधी स्वतःच्या दंडाला लावून पाहिला. आग नाही, खाज नाही. मग पाणी तापवलं आणि गोठ्याच्या दारात जाऊन रताळं सासूच्या हातात दिलं.

मनकर्णाबाईंनी ते धरलं आणि बोटं आपापल्या जागी गेली. तिनं हात उपडा केला. पडलं नाही. झटकला. पडलं नाही. मग मूठ उघडून तिनं खाचा पाहिल्या.

"त्या दिवशी धरायले लावलं ते हेच का वं?"

"हाव."

"लबाड हायेस. अन् ते सरवरी? तेही सामील?"

"त्याहीनंच तं ट्यूब आनली."

"तरीच! घोडं थांबूनच नव्हतं राह्यलं." तिनं पदरानं नाक पुसलं. मग दरडावून म्हणाली, "पोराले नाही. आधी तू बस."

"मी?"

"पाठ कर इकडे. बाळंतपनानंतर कोनी चोळली का तुई पाठ?"

तानुबाई न्हाणीत लुगडं आवरून बसली. खाचांतली बोटं तिच्या पाठीवरून वरखाली फिरू लागली, आधी भीतभीत, मग नेहमीच्या जोरानं. साबण एकदाही सुटला नाही. डोळे पाणावले ते साबणानं, असं तानुबाईनं स्वतःला सांगितलं.

"आन आता पाटलाहिले," म्हातारी म्हणाली.

पोर पायांवर पालथं पडलं. म्हातारीचा डावा हात त्याच्या छातीखाली, उजव्यात साबण. तानुबाई दोन्ही हात पुढे करून अगदी जवळ उभी राहिली.

"असे हात पुढं करून काऊन उभी? भीक मागून राह्यली का?"

"नाही, म्हटलं…"

"म्हटलं-बिटलं काही नाही. जाय, दुपटं आन त्याहिचं."

तानुबाई पाय ओढत आत गेली. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता आणि पाटलांचं हसू. दुपटं समोर दोरीवरच वाळत होतं. तरी ते शोधायला तिनं बराच वेळ लावला.