झोपलेल्या लॅपटॉपची राखण

खरं सांगते, अक्षर न् अक्षर खरं! खोटं बोलले तर जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायला लागंल मला.

कासारसाईच्या फुलाबाईची सून गौतमी हिंजवडीत कामाला. त्या दिवशी घरूनच काम होतं. महिन्याभराची मेहनत एका लई मोठ्या फाईलीत होती. ती दुपारी तीनच्या आत कंपनीत पोचली तर गौतमी टीमची मुख्य होणार, न्हाई पोचली तर ती जागा तिच्याच टीममधल्या पियूषला. त्यात नेमकी दाढ ठणकाया लागली आन महाळुंग्याला डॉक्टरकडं जायची पाळी आली. तिनं लॅपटॉप चार्जरला लावला, झाकण मिटलं.

"आत्या, ह्याला हात लावू नका. झोपलाय, पण झोपेतच फाईल पाठवतोय."

"झोपेत काम करतोय? आन तुझा नवरा जागेपणी करत न्हाई!"

गौतमी हसत गेली. पण वार गुरुवार हाय, हेच बाई विसरली. गुरुवारी दुरुस्तीपायी लाईट जाते, हे कासारसाईतली कोंबडीसुद्धा सांगंल. पंखा थांबला तशी फुलाबाईनं फोन लावला.

"गौतमी, लाईट गेली. तुझं ते अजून पाठवतंय ना?"

"आई गं! आत्या, चार्जरवर असला तरच तो झोपेत पाठवतो. बॅटरीवर आला की नुसताच झोपतो. आन घरातलं वायफायबी बंद पडलं असंल." पोरीचा आवाज रडका झाला. "गेलं सगळं."

"गेलं काय? मी हाय ना हितं! विहारात इन्व्हर्टर हाय, वायफाय हाय. रविवारी पोरांना तितंच शिकवतीस न्हवं ह्याच्यावर?"

"व्हय की! तितलं वायफाय त्याच्या ओळखीचं हाय. चार्जर लावा, झाकण उघडा, वायफायची खूण दिसली की परत मिटा. उघडा ऱ्हायला तर स्क्रीन वीज खाईल."

फुलाबाईनं लॅपटॉप दुपट्यात गुंडाळला, चार्जर कमरेला खोचला आन अशी पळाली, की मागं लागलेला कुत्रा दमून बाभळीखाली बसला.

विहारात आनंदा माईक लावून गाण्याचा सराव करत होता, डोक्यावर पंखे गरगरत होते. फुलाबाईनं चार्जर लावला, खूण बघितली, झाकण मिटलं आन एकेक बटण बंद करत सुटली. पंखे बंद. माईक बंद.

"काकी, आवं घामानं जीव चाललाय!"

"इन्व्हर्टर म्हातारा झालाय. त्याला आता एकच काम जमतंय. गप बस, झोपलंय ते."

"लॅपटॉपला आवाजानं जाग येतीय व्हय?"

"तुझा माईक वीज खातोय का न्हाई? मग!"

आनंदा त्यावर एक शब्द न बोलता बसला. गाणं ऐकाया आलेली गंगूबाई पदरानं वारा घालाया लागली, आधी लॅपटॉपला, मग सोताला. उकाडा असा, की भिंतीवरची पाल खाली उतरून माठाला चिकटली.

गौतमी आली ती सुजलेल्या गालानं, तोंडात कापूस. झाकण उघडलं तर फाईलीपुढं हिरवी खूण! तीन वाजायला अजून वेळ होता. बोलता येईना, म्हणून पोरगी सासूच्या गळ्यातच पडली. पुढच्या सोमवारी ती टीमची मुख्य झाली. पियूषनं पेढे मागितले, तिनं दिले.

आता इतकं ऐकलंत, तर एक कबूल करते. कुत्रा दमला ते खरं. पाल माठाला चिकटली तेबी खरं. पण आनंदा एक शब्द न बोलता बसला, ते मी रचलं. त्यो आन गप बसतोय व्हय!