सुईवरची लाल रेघ

सकाळी घरातून निघण्याआधी मी आमच्या छोट्या विमानाच्या इंजिनाच्या सुईवर नखपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढली. अर्धी सुईच्या डोक्यावर, अर्धी खालच्या पितळी कॉलरवर. सुई एका टिकेने जरी फिरली, तरी रेघ तुटणार होती. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

दहा वाजता मैदानावर रेघ तुटलेली होती. सहा टिक. आतल्या बाजूला.

टिक म्हणजे सुई फिरवताना बोटाला लागणारी एक खाच. विमान खेळण्याएवढं असलं तरी त्याचं इंजिन खरंखुरं असतं, आणि त्याला किती इंधन मिळणार ते ही सुई ठरवते. आत फिरवली की इंधन कमी. सहा टिक म्हणजे पाव फेरासुद्धा नाही. तेवढ्यानेही इंजिन जमिनीवर चालत राहतं. मग विमान नाक वर करून चढायला लागतं, टाकीतलं इंधन कार्बोरेटरच्या खाली राहतं, ते खेचायला जास्त जोर लागतो, आणि आधीच उपाशी असलेलं इंजिन थ्रॉटल दिल्याबरोबर एक उचकी देतं आणि बंद पडतं.

गेल्या दोन खेपांना नेमकं हेच झालं होतं. पहिल्या खेपेला विमान गवतात बसलं. दुसऱ्या खेपेला उजवा पंख मधोमध मोडला, आणि बाबांनी दोन महिने खपून तो पुन्हा बांधला. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात एक गोष्ट पक्की ठरून गेली: इंजिन मी लावते म्हणून ते बंद पडतं.

"वही वाचून इंजिन चालत नसतं, मॅडम," दादा जेवताना म्हणायचा. मी कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते आणि सुई कुठे ठेवायची ते वहीत नोंदून ठेवते, म्हणून घरात मी मॅडम. "इंजिनाला कान लागतो. विचार बाबांना."

बाबा ताटात बघत राहायचे. काल मात्र म्हणाले, "उद्या बंद पडलं तर विमान माळ्यावर जाईल. आणि तू परत इंजिनाला हात लावायचा नाहीस. हे तुझं काम नव्हे."

आठ वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना पाने आणि स्क्रू देत आले आहे. गेली पाच वर्षं इंजिन मीच लावते. हे माझं काम नव्हे!

मी आज फक्त उड्डाणाची नोंद करायला शेडच्या मागे गेले होते. तिथूनच मला इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं, आणि मी परतेपर्यंत ते थांबलंही होतं. दादा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन टेबलापाशी उभा होता.

"कशाला हात लावलास?"

"कशाला म्हणजे?"

"सुईला. सहा टिक आत आहे ती. आणि गेल्या दोन्ही वेळीही तूच."

"ए, मी आत्ता गाडीतून येतोय! हा तुझाच स्क्रूड्रायव्हर आणायला गेलो होतो."

"खोटं बोलू नकोस. दोन महिने माझ्या डोक्यावर खापर फोडलंस. प्रत्येक जेवणाला टोमणा. पाहुण्यांसमोरसुद्धा."

"अगं हळू, लोक बघतायत—"

"बघू देत!"

मी सहसा ओरडत नाही. त्यामुळे मला आवाज किती चढवायचा ते कळत नाही. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी आपलं इंजिन बंद केलं. मैदानाचे सेक्रेटरी, ज्यांनी इंजिन चालू असताना विमानाची शेपूट धरली होती, ते एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

मग मला बाबांचा अंगठा दिसला. ते चिंधीने हात पुसत होते आणि नखाच्या कडेला लाल फराटा होता. इंधनातल्या मेथेनॉलने नखपॉलिश विरघळतं.

"बाबा?"

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जराही ओशाळले नाहीत. "जरा दाट होतं गं मिश्रण, इंधन जास्त. बरोबर करून दिलं."

"गेल्या दोन वेळीही?"

"तुझं नेहमी दाटच राहतं. आवाजाला धार नसते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं."

असा राग मला आयुष्यात आला नव्हता. त्यांनी लपवलं म्हणून नाही. दोन महिने दादा मला बोलत होता आणि हे समोर बसून ऐकत होते, कारण त्यांच्या हिशेबी तो खरं तेच बोलत होता. वर त्यांना वाटत होतं की आपण मुलीला सांभाळून घेतोय.

"ठीक आहे," मी म्हणाले. "कानानेच ठरवू. दादा, तिकडे पाठ करून उभा राहा. आवाज सगळ्यात चढला की हात वर कर."

"माझी परीक्षा कशाला?"

"उभा राहा."

राहिला. सेक्रेटरींच्या हातात मी टॅकोमीटर दिला, पंख्याचे फेरे मोजायला. सुई वहीतल्या खुणेच्या बाहेर नेली, इंजिन सुरू केलं, तापू दिलं, पूर्ण थ्रॉटल दिला आणि एकेक टिक आत फिरवू लागले. वहीच्या खुणेपासून तीन टिक आत गेल्यावर दादाचा हात वर झाला. बारा हजार चारशे. तेच त्या इंजिनाचं टोक. उडताना नाक वर होणार म्हणून टोकापासून तीन टिक बाहेर थांबायचं, एवढंच माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

"आता तुम्ही, बाबा."

ते हसत गेले आणि पाठ करून उभे राहिले. मान थोडी तिरकी, नेहमीसारखी.

तीन टिक. चार. आकडा उतरायला लागला. पाच. सहा. इंजिन दमल्यासारखं वाजत होतं, धूर जवळजवळ नाहीसा झाला होता. दादाने माझ्याकडे पाहून मान हलवली. बस कर, असं. मी थांबले नाही. सातव्या टिकेला बाबांचा हात वर झाला आणि ते वळले.

"ही बघ! आता आली धार."

इंजिन बंद करून मी सेक्रेटरींच्या हातातला टॅकोमीटर बाबांपुढे धरला. अकरा हजार नऊशे.

"दादाचा हात बारा चारशेला वर झाला होता," मी म्हणाले. "इंजिन बिघडत नाही, बाबा. वरचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. तो येईपर्यंत तुम्ही सुई पिळत राहता."

हे मी हळू आवाजातही सांगू शकले असते. घरी सांगू शकले असते. पण विमान माळ्यावर टाकायची धमकी मला मिळाली होती.

दादाला काहीतरी बोलायचं होतं. "मॅडम..." एवढंच म्हणाला आणि जाऊन विमानाची शेपूट धरून उकिडवा बसला.

मी सुई वहीच्या खुणेवर आणली. मंद चालीवर थ्रॉटल ठेवून दहापर्यंत मोजलं आणि एकदम पूर्ण दिला. दहा वेळा. दादाने विमान नाक वर करून धरलं, तसं आणखी दहा वेळा. एकदाही उचकी नाही. मध्येच बाबांचा हात सवयीने सुईकडे आला.

"हात," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

विमान सरळ चढलं. मी रिमोटवर दोन फेऱ्या मारल्या. मग ते धावपट्टीवर खाली आणलं, थ्रॉटल पार मंद केला, गवताला चाकं लागतील इतकं खाली. गेल्या वेळी पंख मोडला ती जागा आली. तिथे मी थ्रॉटल एकदम पूर्ण दिला आणि नाक वर ओढलं. असं करायची काही गरज नव्हती. विमान आमच्या डोक्यावरून किंचाळत वर गेलं.

बाबा डोळ्यांवर हात धरून त्याच्यामागे बघत होते.

"इंजिनाने उचललं का रे?" त्यांनी विचारलं. दादाला.

"उचललं, बाबा."

"एकदम?"

"एकदम."

मी विमानावरची नजर काढली नाही. टाकीत अजून चार मिनिटांचं इंधन होतं आणि मी ते सगळं उडवणार होते.