चौघांचा एक निबंध

आठवीच्या चौघांनी मिळून, आपापल्या कॉम्प्युटरवरून एकाच ऑनलाईन फाईलमध्ये, एकच निबंध लिहायचा होता. खोडदच्या रानात आईला बिबट्या आडवा आला, ते स्नेहलनं आईच्याच शब्दांत टाईप केलं: ‘बिबट्या व्हता, पण म्या पाटी नाय टाकली.’

शेजारच्या कॉम्प्युटरवरून राखीनं ते लगेच बदललं: ‘बिबट्या होता, पण मी टोपली टाकली नाही.’ स्नेहलनं चिडून पुन्हा ‘व्हता’ केलं. राखीनं पुन्हा ‘होता’. तास संपला तेव्हा ‘होता’च उरलं होतं.

मॅडमनी निबंध पडद्यावर लावला. वर चौघांची नावं होती. “वा! कुणी कुठलं लिहिलंय, ओळखूच येत नाही.”

“मॅडम, ही माझी आई नाय. माझं नाव काढा.”

“नाव निघत नाही गं, ते आपोआप येतं. आणि ‘नाय’ काय? ‘नाही’ म्हण.”