झाकण उघडण्याआधी

निंबाआप्पांना जाऊन अठरा दिवस झाले होते. बावीस वर्षं त्यांनी रंगाईची चार नंबरची मशीन चालवली, कधी कागद पाहिला नाही. मशीनसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शेठच्या कपाटातच राहिलं. आता ती चालवायची कशी, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. म्हणून भूपेंद्रशेठनी निंबाआप्पांच्या मुलीला, रंजनाला बोलावलं. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणं हे तिचं रोजचं काम.

ते पुस्तक आणि वडिलांचं घरातलं बोलणं जुळवून तिने सतरा पायऱ्या लिहिल्या. मोठी अक्षरं, एका ओळीत एकच काम. आज नवा कारागीर वाल्मिक त्या कागदावरून मशीन चालवत होता. ती मागे उभी होती. मध्ये बोलायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. तो अडला, तर चूक कागदाची.

तो अडला नाही.

"तेरावी," त्याने वाचलं. "दाबाचा काटा शून्यावर आला की झाकणाचे बोल्ट सोडवा." काटा शून्यावर होता. त्याने पाना उचलला.

कापडाची गाडी ढकलणाऱ्या मंगलाबाई थबकल्या. "चिंदी कुठंय रे?"

"कसली चिंदी? कागदावर नाही, मावशी. तुम्ही गाडी सांभाळा."

मंगलाबाईंनी झाकणाजवळच्या, वाफ सोडायच्या छोट्या, उघड्या नळाकडे बोट केलं. "तुना बाप आठे चिंदी बांधे," त्या रंजनाला म्हणाल्या.

वडील त्या नळाला चिंदी बांधायचे, हे रंजनाने कधीच ऐकलं नव्हतं. हाताच्या सवयीचं घरी कोण सांगत बसतं?

पाना बोल्टवर बसला.

"वाल्मिक, थांब. हात काढ."

"काटा शून्य दाखवतोय, ताई. तुम्हीच लिहिलंय."

"मी चुकीचं लिहिलंय."

मंगलाबाईंनी एक लांब चिंदी फाडून नळाच्या मुठीला बांधली. बारा मशिनींच्या खडखडाटात वाफेचा आवाज येत नव्हता, वाफ दिसतही नव्हती. पण चिंदी आडवी ताठ झाली आणि थरथरत राहिली. आत दाब होता. काटाच अडकला होता.

वाल्मिकने पाना हळूच जमिनीवर ठेवला. "किती वेळ?"

"ती लोंबेपर्यंत. निंबाभाऊ तोवर चहा पिऊन यायचा."

चहाला कुणी गेलं नाही. रंजना कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. तेरावी ओळ खोडली, तिच्या वर चिंदीची लिहिली, मग कागदच उलटा केला.

"मावशी, पहिल्यापासून सांगा. ते काय काय करायचे, सगळं."

"सगळं? आन् माझ्या गाड्या कोण ढकलणार?"

वाल्मिकने गाडीचा दांडा धरला. दहा पावलांवर जाऊन त्याने वळून विचारलं, "हलतेय का अजून?"

"हलतेय," रंजना म्हणाली, आणि लिहू लागली.