महीनचा नंबर

दर रविवारी दुपारी रत्नाच्या घरी भांडण असायचं. कुणाकडे भजन असतं, कुणाकडे पत्ते. या घरी इराण असायचा. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या त्या बैठकीत गेली कित्येक वर्षं दर आठवड्याला तेहरानचं सरकार पाडलं जाई आणि दिवेलागणीपर्यंत ते जिथल्या तिथे उभं असे. पाडणारे ठरलेले होते. रत्नाचा नवरा सियामक, त्याचा जुना दोस्त फरहाद आणि फरहादची बायको शीरीन. फरहाद दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांची तोंडं उघडी ठेवून स्वतःच बोलायचं, ही त्याची सवय रविवारीही सुटत नसे.

फरहादचं म्हणणं असं, की बाहेरून कुणी दणका दिल्याशिवाय ते लोक खुर्ची सोडणार नाहीत. अमेरिकेनं विमानं पाठवावीत, काय व्हायचं ते एकदाच होऊन जाऊ दे. हे ऐकलं की सियामकची कानशिलं तापत. इराकशी लढाई झाली तेव्हा क्षेपणास्त्रं आमच्याच गल्लीत पडली, तो म्हणे, सरकार पडलं नाही, उलट मांडी ठोकून बसलं. वरून पडणाऱ्या बॉम्बला मुल्ला कोण आणि पेन्शनर कोण हे दिसत नाही. मग फरहाद टेबलावर हात आपटे, चहाचे छोटे पेले थरथरत, आणि रत्ना आतून ओरडे की पेले फुटले तर पुढचा चहा वाटीतून मिळेल. ती मराठीतून ओरडे. फरहादला शब्द कळत नसत, आवाज बरोब्बर कळे.

सियामकला मात्र शब्दही कळत. तो पुण्यात इंजिनिअरिंग शिकायला आला होता आणि मेसवाल्या बाईंच्या हाताखाली मराठी शिकला होता. शिकत असतानाच तिकडे क्रांती झाली, परतीची वाट बंद झाली, आणि रत्नाच्या आईच्या भाषेत सांगायचं तर तो इराणी आमच्याच गळ्यात पडला. पुढे तेलाच्या कंपनीत नोकरी लागली, ह्यूस्टन आलं, मुलगी राधिका झाली. तेहरान मात्र राहून गेलं. तिथे त्याची थोरली बहीण होती, महीन. जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. रोज सकाळी तो तिला फोन करी, ती त्याला काय जेवलास विचारी, आणि बायको नीट जेवू घालते की नाही याची उलटतपासणी घेई.

या वर्षी तिकडचे रस्ते पुन्हा पेटले. पोरं रस्त्यावर उतरली, गोळ्या चालल्या, मग नेट बंद झालं आणि पाठोपाठ फोन. इकडे टीव्हीवर विमानांच्या, जहाजांच्या बातम्या सुरू झाल्या. फरहादला हुरूप आला, सियामकची झोप उडाली.

आणि मग तो आवाज आला. महीनचा नंबर लावला की पलीकडे बेल वाजे, कुणीतरी उचले, आणि एक अनोळखी बाई इंग्रजीत विचारी, हॅलो, हू इज कॉलिंग? काहीही सांगा, ती आपलं तेच पुन्हा विचारी. थंड, गोड, सपाट आवाज. माणसाचा नव्हेच. कुणी म्हणे सरकारनं बसवलाय, कुणी म्हणे शत्रूनं; खरं कुणालाच माहीत नव्हतं. इथल्या कितीतरी घरांत आईचा नंबर लावला की हीच बाई येत होती. सियामक फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे आणि उत्तर न देता ऐकत राही. त्या बाईच्या मागे महीनचा खोकला ऐकू येतो का, तिच्या पंख्याची घरघर येते का, ते बघत असे. रत्नाला त्या आवाजाची दहशत बसली. ती पोळ्या लाटत असायची आणि पाठीमागून कुणीतरी विचारत असायचं, कोण बोलतंय म्हणून. फोन बंद झाल्यावरही तो प्रश्न घरातून जात नसे. एकदा तर ती दिवसाढवळ्या कपड्यांच्या खोलीत घड्या घालता घालता त्याला उत्तर देणार होती.

मंगळवारी सकाळी सियामक फिरायला गेला होता आणि त्याचा फोन टेबलावर राहिला होता. तो वाजला. स्क्रीनवर महीनचा फोटो, महीनचं नाव. रत्नानं झडप घालून उचलला. तिकडून इकडे अधूनमधून फोन लागतात हे तिनं ऐकलं होतं. देवा, लागला एकदाचा, असं तिच्या तोंडून निघूनही गेलं.

पण महीन नव्हती. शेजारीण होती, हळू आवाजात, भराभर बोलणारी. रत्नाची फारसी स्वयंपाकघरापुरती, तरी एवढं तिला समजलं. पोरं पळत जिन्यात शिरली होती. महीननं दार उघडून त्यांना आत घेतलं. मागून ते सरकारी लोक आले. मग महीन उठली नाही. रत्नानं विचारलं, उठली नाही म्हणजे काय? मारलं? पडली? छातीत दुखलं? शेजारीण म्हणाली, भावाला सांभाळून सांगा. आणि फोन तुटला. रत्नानं लगेच उलट लावला. हॅलो, हू इज कॉलिंग?

ती तिथेच खुर्चीवर बसली. तिला रडू आलं नाही, भीती वाटली. महीनच्या नंबरवरून महीन गेल्याचं कळलं होतं.

आता सियामकला सांगायचं होतं, आणि घोडं तिथेच अडलं. त्याच्या लोकांत एक रीत आहे. परदेशात असलेल्याला वाईट बातमी फोनवर द्यायची नाही. तो एकटा आहे, दूर आहे, त्याला खांदा कोण देणार? मग महिनोन्महिने लपवतात. रत्नाला यात नवल वाटलं नव्हतं, तिच्या लहानपणी आई सीरियस अशी तार आली की घरातली मोठी माणसं आधी रडून घेत आणि मगच तार वाचत. पण सियामकची आई गेली तेव्हा महीननं त्याला कळूच दिलं नाही. आई झोपलीय, आई अंघोळीला गेलीय, आईचा आवाज बसलाय. एका चुलतभावाच्या तोंडून निसटलं तेव्हा आईला जाऊन अर्धं वर्ष उलटलं होतं. त्या दिवशी तो बागेतल्या नळापाशी बसून लहान मुलासारखा रडला आणि मग त्यानं रत्नाकडून वचन घेतलं. कुणीही जाऊ दे, तू मला त्याच दिवशी सांगायचं.

तो फिरून आला तेव्हा वचन तिला आठवत होतं. पण त्याच्या छातीवर बायपासची शिवण अजून ताजी होती. तिनं बाथरूममध्ये जाऊन शीरीनला फोन केला. शीरीन रडली, नाक पुसलं, आणि म्हणाली, एकटीनं मुळीच सांगू नकोस. आमच्यात चार माणसं जमून सांगतात. रविवारी येतोच आम्ही, तेव्हा सांगू. मग राधिकाला केला. राधिका बोस्टनमध्ये वकील, तिला आडपडदा माहीत नाही. "आई, जस्ट टेल हिम. ही हॅज अ राइट टु नो," ती म्हणाली. बरोबर होतं तिचं. पण बरोबर आहे म्हणून जीभ उचलत नाही.

तरी रत्नानं प्रयत्न केला. बुधवारी तिनं त्याच्या शेजारी बसून सुरुवात केली, सियामक, ऐक ना, तर त्यानं टीव्हीचा आवाज मोठा केला, विमानवाहू जहाज कुठवर आलंय ते ऐकायचं होतं म्हणे. गुरुवारी पुन्हा केला, तर तो बागेत पाणी घालायला उठून गेला. शुक्रवारी तिनं प्रयत्नच केला नाही. आणि रोज सकाळी तो टेबलाशी बसून नंबर लावत होता. रत्ना ओट्याशी पाठमोरी उभी राही. ज्या घरात आता कुणी नाही त्या घराची बेल वाजताना तिला ऐकू येई. महीन फोन उचलायला येतेय, चपला फरफटवत, असं वाटे. आपण या माणसाला फसवतोय ही जाणीव तिला आतून कुरतडत होती. मग ती त्याच्या चहात चमचाभर साखर जास्त घाली. दुसरं काय करणार?

रविवार उजाडला. फरहाद आणि शीरीन आले. बाहेर अंगाला चिकटणारा उकाडा, तरी शीरीननं रंगीत जाकीट घातलं होतं, आणि ते गळ्याशी जरा सरकलं तेव्हा आतला काळा ब्लाउज दिसला. रत्नानं नजर वळवली. चहा आला, खडीसाखर आली, खजूर आले. खजूर त्यांच्यात मयताच्या घरीही ठेवतात; सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, खाल्ला कुणीच नाही. शीरीननं सांगायचं ठरलं होतं, पण ती हवेबद्दल बोलत सुटली.

शेवटी सियामकनंच विषय काढला. म्हणाला, विमानं आली तर आपल्या लोकांचं भलं होईल असं अजूनही वाटतं का तुला? त्यानं फरहादकडे बघत नेहमीचं सगळं मांडलं. बॉम्ब, गल्ली, पेन्शनर. त्यात नवीन काही नव्हतं. उलट त्या दिवशी तो जरा चुकीचंच बोलला. म्हणाला, पोरांनी रस्त्यावर यायलाच नको होतं. एरवी असं वाक्य ऐकून फरहादनं टेबल उलटं केलं असतं, कारण त्याची भाचीच तिकडे रस्त्यावर होती. रत्ना वाट बघत राहिली. मनातून तिला वाटत होतं की आपट रे बाबा हात, फोड एखादा पेला.

फरहादनं मान खाली घातली. "तुझं बरोबर असेल, सियामक," तो म्हणाला.

सियामकनं पेला हळूच बशीत ठेवला. तो फरहादकडे बराच वेळ बघत होता, आणि फरहादच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तो ते पुसतही नव्हता. रत्नाला कळलं की सियामकनं हा प्रश्न वाद घालायला विचारलेलाच नव्हता. तीस वर्षं हा माणूस हट्टानं आपल्याशी भांडला, आज भांडतो का, एवढंच त्याला बघायचं होतं.

सियामक रत्नाकडे वळला आणि मराठीत बोलला. "रत्ना, कणीक भाज."

कणकेचा हलवा. लग्नानंतर या गावात आल्यावर पहिल्यांदा फरहाद-शीरीन जेवायला येणार होते, तेव्हा तिनं हौसेनं कणीक तुपावर खरपूस भाजून, केशर आणि गुलाबपाणी घालून हलवा केला होता. दारातच तो वास आला आणि शीरीननं छातीवर हात ठेवून विचारलं होतं, कोण गेलं? त्यांच्यात तो हलवा माणूस गेल्यावर करतात. भाजलेल्या पिठाचा वास गेलेल्याला पोचतो म्हणतात. नंतर सगळे पोट धरून हसले होते. पण त्यानंतर या घरात कणकेचा हलवा झाला नव्हता. शिरा झाला तरी रव्याचा.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"मंगळवारी. दार उघडलंस आणि बूट बाहेर काढ म्हणून ओरडली नाहीस," तो म्हणाला. "तू सांगायला यायचीस आणि मीच उठून जायचो. तू सांगेपर्यंत ती होती ना."

रत्ना काहीतरी बोलणार होती, वचनाबद्दल, माफीबद्दल, पण त्यानं तिचा हात धरला आणि नुसती मान हलवली. शीरीन मोठ्यानं रडू लागली. कशी गेली, त्यानं विचारलं, आणि रत्नानं शेजारीण बोलली होती तेवढंच सांगितलं. पोरांना आत घेतलं. मग उठली नाही. फरहादच्या मुठी वळल्या. याचा सूड, असं काहीतरी तो पुटपुटू लागला, आता तरी जगानं, आता तरी विमानांनी.

"आज नाही, फरहाद," सियामक म्हणाला. "आज ती माझी बहीण आहे. तुझी बाजू नाही, माझीही नाही."

फरहादनं वळलेल्या मुठी सोडल्या.

रत्नानं कढई चढवली. तूप वितळलं, कणीक पडली, आणि ती हलवत राहिली. शीरीन शेजारी उभी राहून केशर कुटत होती, जाकीट तिनं आता काढलं होतं. पीठ बदामी झालं तसा वास स्वयंपाकघरातून बैठकीत गेला, जिन्यावरून वर गेला. रत्नाला वाटलं, दारात कुणीतरी उभं आहे, चपला फरफटवत आलेलं. तिनं मान वळवली नाही. ती आठवड्यात पहिल्यांदा रडली, आणि कढई मात्र हलवत राहिली, कारण पीठ लागलं तर महीनला चाललं नसतं.

मागे सियामक टेबलाशी येऊन बसला. त्यानं फोन काढला आणि नंबर लावला. बेल वाजली, कुणीतरी उचललं.

"हॅलो," ती बाई म्हणाली, "हू इज कॉलिंग?"

इतके दिवस त्यानं तिला एकदाही उत्तर दिलं नव्हतं. आज त्यानं फोन तोंडाजवळ घेतला आणि आपल्या भाषेत, रत्नालाही कळेल इतक्या सावकाश, तो बोलला.

"तिचा भाऊ बोलतोय. महीनला सांगा, मला कळलंय. आता काही लपवायला नको म्हणावं."

त्या बाईनं पुन्हा तेच विचारलं. त्यानंही पुन्हा तेच सांगितलं.